अमर शेख : कागदावर न मावलेला शाहीर

मराठीच्या अभ्यासक्रमात अमर शेख एका ओळीत येतात. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर ह्या शाहिरांनी लोकजागृती केली, अशा अर्थाची ती ओळ असते. विद्यार्थी ती पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि आपण तिच्यावर बरोबरची खूण करून पुढे जातो. गेल्या वर्षी ही ओळ वर्गात सांगताना मागच्या बाकावरून एका पोराने विचारले, "सर, हे शेख म्हणजे आपल्यातले का त्यांच्यातले?" पोरगा वाईट नव्हता. 'आपल्यातले' म्हणजे नेमके कोणातले, हे त्याला विचारले असते तर त्यालाही सांगता आले नसते. कारण त्या वर्गात बौद्ध होते, मातंग होते, पद्मशाली, लिंगायत, धनगर होते आणि चार मुसलमान पोरीही होत्या. मी उत्तर दिले, "बार्शीचे." सगळे हसले. तास संपला. पण ते उत्तर टाळाटाळीचे होते हे मला तेव्हाच कळले होते. हा लेख म्हणजे त्या पोराला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे असे समजावे.

बार्शीपासूनच सुरुवात करू. २० ऑक्टोबर १९१६ रोजी तेथे मेहबूब हुसेन पटेल जन्मला. गरिबी अशी की शाळेपेक्षा पोटाची चिंता आधी. आई मुनेरबी ही गाण्याची धनीण होती; लोकगीतांचे जे लेणे पोराला मिळाले ते तिच्याकडून. त्याने पाणक्याचे काम केले, मोटारीवर क्लीनर म्हणून राबला, मग गिरणीत लागला. बार्शी हे पेठेचे गाव. छोट्या रुळांच्या आगगाडीने कुर्डुवाडीशी, लातूरशी आणि पंढरपूरशी बांधलेले. व्यापाऱ्यांचे आणि हमालांचे, भगवंताच्या देवळाचे आणि गिरणीच्या भोंग्याचे. ह्याच बार्शीत मे १९२४ मध्ये बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली आणि तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. मेहबूब तेव्हा साडेसात वर्षांचा होता. त्या मांडवाच्या कडेला तो उभा होता असे म्हणण्याचा मोह होतो, पण तसे म्हणायला आधार नाही आणि आपल्याला दंतकथा रचायच्या नाहीत. एवढेच लक्षात ठेवू की एकाच गावाच्या एकाच काळात दोन गोष्टी चालू होत्या. त्या पुढे फार वर्षे एकमेकींच्या शेजारून गेल्या, एकमेकींना भिडल्या मात्र फार थोड्या वेळा.

सोलापुरात १९३० च्या मे महिन्यात मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ह्या चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आले. ह्या चौघांचे पुतळे नवी पेठेपासून फार लांब नाहीत. आम्ही रोज त्यांच्या अंगावरून जातो. चौदा वर्षांच्या गिरणकामगार मुसलमान पोराच्या मनात ह्या घटनेने काय केले असेल ते वेगळे सांगायला नको. बार्शीच्या गिरणीतील संप, त्याबद्दल विसापूरचा तुरुंग आणि तुरुंगात कम्युनिस्ट विचारांशी पडलेली गाठ हा पुढचा प्रवास ह्या मातीतूनच निघालेला आहे. मेहबूब पटेलचा अमर शेख झाला. नाव बदलताना त्याने 'शेख' टाकून दिले नाही, उलट पटेलच्या जागी शेख घेतले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पडद्यावर आणि रंगभूमीवर मुसलमान कलावंतांनी हिंदू नावे घेण्याचा तो काळ होता. ह्या माणसाने एक अर्ध असे घेतले की जे कुठल्याही धर्माच्या माणसाला घेता येईल, आणि दुसरे अर्ध असे ठेवले की जे ऐकताच मंडपातल्या प्रत्येकाला गाणारा कोण ते कळावे.

१९४४ मध्ये मुंबईत लाल बावटा कलापथक उभे राहिले. वाटेगावच्या मांगवाड्यातले अण्णाभाऊ, बार्शीच्या गिरणीतले अमर शेख आणि दत्ता गव्हाणकर ही तीन माणसे. अण्णाभाऊंची लेखणी आणि अमर शेखांचा आवाज असे त्या कामाचे साधारण वाटप होते, जरी दोघेही लिहीत आणि दोघेही गात. बंगालचा दुष्काळ, स्टालिनग्राडची लढाई, गिरणीतला संप, पुढे गोव्याचा लढा आणि संयुक्त महाराष्ट्र हे सगळे विषय ह्या पथकाने चाळीच्या पटांगणात आणून ठेवले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बडगा उगारला तेव्हा तोही ह्यांनी सोसला. तमाशाला 'लोकनाट्य' हे अंग झाकणारे नाव मिळाले ते त्याच दिवसांत. नाव बदलल्यावर पांढरपेशांना तो पाहायला यायला लाज वाटेनाशी झाली, हा त्यातला विनोद.

आता समीक्षेकडे वळू. अमर शेखांचे छापील वाङ्मय मोजके आहे. 'अमरगीत' हा गीतांचा संग्रह, 'पहिला बळी' हे नाटक, 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे दोन कवितासंग्रह. शिवाय 'युगदीप' आणि 'वक्त की आवाज' ही त्यांनी चालवलेली मासिके. मराठी समीक्षेने ह्यांतले दोन संग्रह हातात घेतले, चाळले, आणि 'आवेशपूर्ण', 'प्रचारकी', 'शब्दबंबाळ' अशी विशेषणे लावून बाजूला ठेवले. ज्यांना बरे बोलायचे होते त्यांनी 'उत्कट' म्हटले. निकाल तोच.

हा निकाल अगदी खोटा आहे असे मी म्हणणार नाही. वाचण्यासाठी म्हणून लिहिताना अमर शेखांना शब्दांचा सोस आवरत नाही. जेथे एक विशेषण पुरे झाले असते तेथे तीन येतात, आणि पुस्तकी कवितेची भाषा अंगावर चढवली की तो सदरा त्यांना खांद्यात आवळतो. आपल्या माणसाच्या बाबतीत हे बोलू नये असा एक संकेत आपल्या चळवळीत रूढ होऊ पाहतो आहे. तो मला मान्य नाही. जो शाहीर हजारो लोकांसमोर उभा राहून गायला त्याला आपल्या दोन ओळींच्या टीकेने काही होत नाही. आपण खोटी स्तुती केली तर मात्र तो पोथीत जाऊन बसतो.

परंतु प्रश्न निकालाचा नसून मापाचा आहे. ज्या मापाने हे मोजले ते माप कशासाठी बनवलेले होते? मराठीतील कवितेची समीक्षा ही एकट्याने, मुकाट्याने, दिव्याखाली वाचणाऱ्या माणसाची समीक्षा आहे. त्या माणसाच्या घरी दिवा आहे, वेळ आहे आणि वाचता येते हे तिने गृहीत धरले आहे. रस्त्यावरचे गाणे ह्याच्या उलट्या अंगाने चालते. पहिली डफाची थाप ही कवितेची पहिली ओळ नसते. ती माणसे गोळा करण्यासाठी असते. पाळी सुटलेला कामगार घरी निघालेला असतो, त्याचे पाऊल अडखळले पाहिजे एवढेच तिचे काम. मग ध्रुपद येते आणि ते झीलकऱ्यांच्या तोंडी दिले जाते. ध्रुपद दुसऱ्यांदा येते तेव्हा पुढच्या रांगा ते उचलतात, तिसऱ्यांदा येते तेव्हा सगळे पटांगण. मधल्या कडव्यात शाहीर दम खातो, कोपरखळी मारतो, त्या दिवशीच्या बातमीतले एक नाव घालतो आणि पुन्हा ध्रुपदावर येतो. ओळीच्या शेवटी लांब स्वर ठेवलेला असतो, कारण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ताणायचा असतो. समीक्षकाच्या टेबलावर ह्या सगळ्याचे काय होते? ध्रुपदाची 'पुनरुक्ती' होते, कोपरखळीचा 'पाल्हाळ' होतो, आणि लांब स्वराचा 'आक्रस्ताळेपणा'. नदीचे पाणी बादलीत घेऊन त्याला वेग नाही असे म्हणण्यातला हा प्रकार आहे.

ही गोष्ट फक्त अमर शेखांची नाही. आंबेडकरी जलशांचेही असेच झाले. १९३१ च्या सुमारास नाशकाकडे भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला, तो गावोगाव गेला, सत्यशोधकी जलशाची परंपरा त्याने पुढे नेली. कर्डकांचा एक जलसा आपल्या दहा भाषणांच्या तोडीचा आहे असे बाबासाहेब म्हणत, असे जुनी माणसे सांगतात. मात्र मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने त्याची दखल घेतली ती फार उशिरा आणि तीही 'लोकसाहित्य' नावाच्या अडगळीच्या खोलीत. कर्डकांनी स्वतःच पुस्तक लिहून ठेवले नसते तर आज आपल्या हाती काय उरले असते? आपल्या लोकांचे साहित्य आधी गळ्यात होते, मग कागदावर आले. माझ्याच घरात पहिले पुस्तक आले ते माझ्या दप्तरातून. गाणे त्याच्या कितीतरी आधीपासून होते. तेव्हा जे माप कागदापासून सुरू होते ते आपला निम्मा इतिहास आरंभीच कापून टाकते.

येथे आचार्य अत्र्यांनी दिलेल्या एका बिरुदाचा विचार केला पाहिजे. अमर शेखांना ते महाराष्ट्राचे मायकोव्हस्की म्हणाले. अण्णाभाऊंना कोणी गॉर्की म्हटले. त्यामागे प्रेम होते ह्यात शंका नाही, आणि मायकोव्हस्कीही चौकात उभा राहून कविता म्हणणारा, भित्तिचित्रांखाली ओळी लिहिणारा कवी होता हेही खरे. पण असे का, की आपल्या माणसाला मोठे म्हणायचे झाले की रशियातून आरसा मागवावा लागतो? मायकोव्हस्की ज्या रांगेत उभा आहे ती कवींची रांग आहे. अमर शेख ज्या रांगेत उभे आहेत ती सत्यशोधकी जलशाच्या अनामिक गायकांची, कर्डकांची, गावच्या डफवाल्यांची, जात्यावर बसलेल्या मुनेरबीची रांग आहे. त्या रांगेत उभे केले तरच ते किती उंच आहेत ते कळते. दुसऱ्या रांगेत ते फक्त 'कोणासारखे तरी' राहतात.

आणि आता जो मुद्दा ह्या नियतकालिकाच्या वाचकांना टाळता येणार नाही त्याकडे येतो. लाल बावट्याचा तमाशा आणि आंबेडकरी जलसा ह्या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. दोघांनीही जुना गण बदलला; देवाला नमन करायचे सोडून माणसांना, हुतात्म्यांना, भूमीला वंदन केले. दोघांनीही गौळणीतला चावटपणा काढून टाकला. दोघांचाही प्रेक्षक बहुधा एकाच चाळीत, एकाच वस्तीत राहणारा. पण खलनायक वेगळा होता. अण्णाभाऊंच्या वगांची नावेच पाहा : 'शेटजींचे इलेक्शन', 'लोकमंत्र्यांचा दौरा', 'बेकायदेशीर'. समोर शेटजी आहे, सावकार आहे, मंत्री आहे. जलशात समोर गाव होते, गावकी होती, येसकरकी होती, मेलेले ढोर होते. आणि पुष्कळदा समोर आपणच होतो, आपला नवस, आपली दारू, आपले लाचार हात. एक मंच म्हणत होता, तुला लुटणारा तिकडे वर बसला आहे. दुसरा म्हणत होता, वर बसलेला तर आहेच, पण तुझ्या शेजारी बसून तुझ्या हातचे पाणी न पिणारा कोण ते आधी सांग.

मुंबईच्या गिरण्यांतील साचेखात्याची हकीगत सर्वांना ठाऊक आहे. तेथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा चालत नाही म्हणून जास्त पगाराच्या त्या खात्यात आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. हे मालकाने नव्हे, सोबतच्या कामगारांनी ठरवलेले होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी तो मागण्यांच्या यादीत घेतला तो खुशीने नव्हे. ७ नोव्हेंबर १९३८ चा संप दोघांनी मिळून केला आणि मुंबई बंद पाडली; त्या दिवशी काय होऊ शकते हे दिसले. मग पुन्हा दोन वाटा. १९५२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईत बाबासाहेबांचा पराभव झाला आणि त्या वेळची कम्युनिस्टांची भूमिका आंबेडकरी माणूस विसरलेला नाही, विसरणारही नाही.

अमर शेख ह्या सगळ्या काळात पक्षाचे शाहीर होते. त्यांच्या गाण्यातला 'कामगार' कोणत्या खात्यात काम करतो, हे गाणे सांगत नाही. हा दोष आहे. तो त्यांच्या एकट्याचा नसून त्यांच्या पक्षाच्या सिद्धांताचा आहे, पण गाणे त्यांचे असल्यामुळे दोषही त्यांच्या खात्यावर मांडावा लागेल. कॉम्रेड शरद पाटलांनी १९७८ मध्ये वेगळा पक्ष काढून मार्क्स, फुले, आंबेडकर असे एकत्र मांडण्याचा खटाटोप केला, तेव्हा अमर शेखांना जाऊन नऊ वर्षे झाली होती.

तरीही येथेच थांबलो तर अन्याय होईल. मंचावर काय म्हटले गेले एवढेच पाहणे ही पुन्हा कागदी समीक्षाच झाली. मंचावर कोण उभे होते हेही गाण्याचा भाग असते. एक मांग, एक मुसलमान आणि त्यांच्या मागे झील धरणारे नाना जातींचे कामगार एकाच डफावर गात आहेत, हे दृश्य १९४४ साली चाळीच्या पटांगणात काय सांगत असेल? सिद्धांताने जे सांगितले नाही ते त्या उभे राहण्याने सांगितले. अण्णाभाऊंनी पुढे बाबासाहेबांवर गाणे लिहिले, 'फकिरा' (१९५९) त्यांच्या लेखणीला अर्पण केली आणि १९५८ मध्ये मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले. ही वाट त्याच पथकातून निघाली. अमर शेखांनी अत्र्यांच्या 'महात्मा फुले' (१९५४) चित्रपटात काम केले. संयुक्त महाराष्ट्र समितीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर आले तेव्हा त्या व्यासपीठाचा आवाज अमर शेख होते. सभा भरायच्या आधी ती भरवणारा आणि पुढाऱ्यांची भाषणे लांबली की ती सावरणारा आवाज. मराठी भाषिकांचे राज्य मागणाऱ्या चळवळीचा सर्वांत मोठा गळा एका मुसलमान गिरणकामगाराचा होता, ही गोष्ट आज 'मराठी माणूस' ह्या शब्दाचा व्यापार करणाऱ्यांनी सोयीने विसरली आहे. आपण तरी का विसरावी?

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. सहा आठवड्यांत दोन्ही.

त्यानंतर दोघांच्या स्मृतीचे काय झाले हे ताडून पाहण्यासारखे आहे. अण्णाभाऊंच्या नावाने टपाल तिकीट निघाले (२००२), गावोगाव पुतळे उभे राहिले, महामंडळ आले, जयंतीच्या मिरवणुका निघू लागल्या, २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. हे सगळे व्हायलाच हवे होते आणि ते फुकट मिळालेले नाही. मातंग समाजाने ते लढून मिळवले आहे. अमर शेखांच्या वाट्याला मुंबई विद्यापीठात एक अध्यासन आले. त्यांच्या जयंतीला बार्शीच्या रस्त्यावर डफ वाजत नाही. कारण उघड आहे. ह्या देशात माणसाची आठवण जात सांभाळते. जिला जात सांभाळत नाही ती आठवण विद्यापीठाच्या कपाटात जाते. अण्णाभाऊंना आधी त्यांच्या जातीने उचलले आणि मग सगळ्यांनी मान्य केले. अमर शेखांना उचलणार कोण? कम्युनिस्ट पक्षाचे खांदे थकले. मुसलमान समाजात गाणाऱ्या नास्तिकाबद्दल ओढ असायचे कारण नव्हते. मराठी म्हणवणाऱ्यांना 'शेख' अडचणीचा. आणि आपण? आपण दलित साहित्याच्या व्याख्येत कोण बसतो ह्यावर अनेक वर्षे वाद घातला, पण त्या यादीत हे नाव कधी गंभीरपणे चर्चेला आले नाही.

ह्याला एक अपवाद सोलापूरचाच आहे. १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन येथे भरले, प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उभे केले. मराठीत लिहिणारा मुसलमान हा कोणी पाहुणा नाही, हे त्यांनी ठणकावून सांगितले, आणि सांगताना दलित साहित्याच्या चळवळीकडे बोट दाखवले की हे धैर्य आम्ही येथून घेतले. आपण त्यांच्याकडून काय घेतले ह्याचा हिशेब मात्र आपल्याकडे नाही.

वारशाची आणखी एक बाजू आहे, आणि ती बोलायला अवघड आहे. अमर शेखांची मुलगी मल्लिका. ती कवयित्री, 'वाळूचा प्रियकर' हा तिचा संग्रह. तिचे लग्न नामदेव ढसाळांशी झाले. लाल बावट्याच्या शाहिराचे घर आणि पँथरचा संस्थापक असे हे सोयरपण. एखाद्या कादंबरीकाराने असे लिहिले असते तर आपण त्याला ओढूनताणून आणलेले प्रतीक म्हटले असते. १९८४ मध्ये मल्लिकाचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आले आणि चळवळीतल्या अनेकांचा तोल गेला. घरातले बाहेर काढले, शत्रूच्या हाती कोलीत दिले, असा आरडाओरडा झाला. ते पुस्तक आज पुन्हा वाचताना जाणवते की त्यात तक्रारीपेक्षा एक जुना प्रश्न आहे : मंचावर जो समतेचा आवाज घुमतो तो घराच्या उंबऱ्याशी का थांबतो? बापाच्या गाण्यांनी भरलेल्या बालपणातून आलेल्या मुलीने हा प्रश्न विचारला म्हणून तो जास्त बोचतो. आपण तिला 'अमर शेखांची मुलगी' म्हणून ओळखतो, नाहीतर 'ढसाळांची बायको' म्हणून. मीही वरच्या ओळीत तेच केले आहे. 'गोलपिठा' (१९७२) वर आपल्याकडे जेवढे लिहिले गेले त्याच्या दहावा हिस्साही तिच्या कवितेवर लिहिला गेला नाही.

रस्त्यावरच्या गाण्याचा धागा त्यानंतरही तुटला नाही, पण तो ज्या हातांत गेला त्यांचे काय झाले? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे मेली. चार दिवसांनी विलास घोगरे ह्या शाहिराने आपले जीवन संपवले. हा डाव्या चळवळीत वाढलेला गायक. पक्षाने दूर केलेला. त्याच्या कपाळाला निळे फडके बांधलेले होते. आनंद पटवर्धनांनी त्याच्यापासूनच 'जय भीम कॉम्रेड' ह्या चित्रपटाची सुरुवात केली. लाल की निळा, हा जो प्रश्न अमर शेखांच्या पिढीने झाकून ठेवला होता तो असा एका माणसाच्या कपाळावर येऊन बसला. पुढे कबीर कला मंचाची पोरे आली. ती दोन्ही रंग एकत्र गाऊ लागली. त्यांतले शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. शाहिरांच्या नावाने अध्यासने उघडणाऱ्या राज्यात जिवंत शाहिरावर खटला चालतो, ह्यात विसंगती आहे असे सरकारला कधी वाटलेले नाही. मेलेला शाहीर सोयीचा असतो.

आणि आपण जयंतीला काय करतो? एप्रिलमध्ये नवी पेठेतून चालून पाहा. आवाजाच्या भिंतीमुळे दुकानांच्या काचा थरथरतात, छातीत ठोके बसतात. गाणे बाबासाहेबांचेच असते, पण त्याच्याबरोबर कोणी गात नाही, कारण गायला जागाच ठेवलेली नाही. झील यंत्राने भरून टाकली आहे. तरुणांच्या आनंदावर विरजण घालणारा मास्तर मला व्हायचे नाही. पोरांना वर्षातून एक दिवस रस्ता आपला वाटतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण अमर शेखांचे गाणे आणि हे गाणे ह्यांत आवाजाच्या मोठेपणाचा फरक नाही, फरक इतकाच की तेथे ध्रुपद लोकांच्या तोंडी सोडून दिलेले असे.

त्यासाठी एक काम ताबडतोब करण्यासारखे आहे. बार्शी, सोलापूर, कुर्डुवाडी ह्या भागात त्या सभांना हजर असलेली माणसे आता पंचाऐंशी-नव्वदीच्या पुढे आहेत. पाच वर्षांनी ती नसतील. त्यांच्याकडून शब्द मिळतील असे नाही. चाल, थाप, कोणत्या कडव्यावर लोक उठत हे मिळेल. हे काम अध्यासनाने करावे म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही, आपल्या विद्यार्थ्यांच्या खिशात ध्वनी टिपायचे यंत्र आहेच.

ज्या पोराने तो प्रश्न विचारला होता त्याला मी हेच काम दिले. त्याचे पणजोबा गिरणीत होते हे त्याला घरी विचारल्यावर कळले. महिन्याभराने तो फोनवर टिपलेले काही मिनिटांचे बोलणे घेऊन आला. म्हातारा बराच वेळ पगाराबद्दल, भोंग्याबद्दल, सुताच्या फुफाट्याने लागलेल्या खोकल्याबद्दल बोलतो. मग पोरगा विचारतो, ते गाणे म्हणून दाखवा. म्हातारा खाटेच्या लाकडावर बोटांनी ठेका धरतो, बराच वेळ नुसता ठेकाच, आणि मग एकदम "जी जी रं जी" एवढेच उचलतो. पुन्हा तेच. पोरगा म्हणतो, "आज्या, पुढचं?"

"पुढचं त्यो म्हनायचा," म्हातारा म्हणतो. "आमी मागं हुतो. आमाला मागचंच येतंय."